जुन्या घरात अर्थिंगच नाही, नुसते मॉड्यूलर बोर्ड बदलून चालेल का? (इंदूर)

रामबागचं_जुनं_घर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून सांगा. इंदूरला रामबागेत आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, भिंती माती-विटांच्या, वायरिंग अर्धं लाकडी पट्टीवरचं आणि अर्धं नंतर कधीतरी पाइपातून टाकलेलं. बोर्ड लाकडाचे, त्यावर काळे गोल खटके, आणि प्लग पॉइंट जवळजवळ सगळे दोन पिनचे. इतकी वर्षं चाललं म्हणून कोणी हात लावला नाही. पण गेल्या आठवड्यात आई म्हणाली की फ्रिजच्या हँडलला हात लावला की मुंग्या येतात, आणि पायात चप्पल नसली की जास्तच. टेस्टर लावला तर मंद दिवा लागतो.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला सगळे बोर्ड काढू, मॉड्यूलर लावू, दोन दिवसांचं काम, वायर तर अजून चांगली आहे. मी विचारलं की थ्री पिनच्या वरच्या मोठ्या भोकाला अर्थ कुठून आणणार, तर म्हणतो "भिया, न्यूट्रल से लूप मार देंगे, सब जगह ऐसे ही चलता है". मला हे काही पटलं नाही, पण चूक नेमकी काय तेही सांगता येईना, म्हणून त्याला दोन दिवस थांबा म्हटलंय. शिवाय बाथरूममध्ये 2000 वॅटचा गीझर आणि बाबांच्या खोलीत दीड टनाचा एसी लावायचाय. भिंती फोडायची भीती वाटते, माती भराभरा गळते. काय करू?

निवृत्त_वीजवाले_काका

त्याला लूप अजिबात मारू देऊ नका. बाकी सगळं नंतर, आधी हे.

लूप म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरीच्या) स्क्रूवरून एक तुकडा अर्थच्या (गळका करंट जमिनीत नेणाऱ्या) पिनला जोडायचा. वरवर सगळं ठीक दिसतं, टेस्टरही लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. आता समजा मीटरजवळ किंवा बोर्डात कुठेतरी न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडला. फ्रिज बंद होणार, पण फेज (करंट आणणारी वायर) तर येतोच आहे, तो फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलच्या वायरीत येतो आणि तुमच्या त्या लूपमधून थेट फ्रिजच्या पत्र्यावर. पूर्ण 230 व्होल्ट. घरातल्या माणसाला वाटतं लाइट गेली, आणि तो बघायला म्हणून हँडलला हात लावतो. आणि कोणी पुढेमागे फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही, पहिल्या क्षणापासून पत्रा जिवंत. मुंग्या आल्या तर आई सावध तरी झाल्या, लूपमध्ये ती सूचनाही मिळत नाही.

दुसरं, घरात अर्थचा खड्डा (जमिनीत पाइप पुरून अर्थ जोडायचा) केला की झालं असंही समजू नका. हिशोब करून बघा. खड्ड्याचा रोध 5 ओहम धरला (घरगुती खड्ड्याला हा वाईट म्हणता येणार नाही) तर फेज पत्र्याला टेकल्यावर 230 भागिले 5 म्हणजे 46 अँपिअर वाहणार. 16 अँपिअरचा सी कर्व्हचा (सी प्रकारचा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहापट करंट लागतो, म्हणजे 80 ते 160. 46 मध्ये तो बराच वेळ तसाच उभा राहील आणि तेवढा वेळ पत्रा तापलेल्या तव्यासारखा धोक्याचा. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच हवा. तो जाणारा आणि परत येणारा करंट मोजतो, फरक पडला की तोडतो. पण त्याला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून एमसीबी काढायचे नाहीत, दोन्ही पाहिजेत. आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायचं, ते कोणी दाबत नाही.

पुरेसे पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा की आधी आरसीसीबी, मग खड्डा आणि स्वयंपाकघर-बाथरूमला अर्थची हिरवी वायर, मग बाकीच्या खोल्या. चकचकीत प्लेटा सगळ्यात शेवटी.

लोकमान्य_नगर_ताई

काकांचं वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी नुसत्या प्लेटाच बदलल्या होत्या. दिसायला इतकं सुंदर की शेजारी बघायला यायचे. मग इंडक्शन घेतलं 2000 वॅटचं, आणि थोड्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या नव्या सॉकेटला हात लावला तर गरम, जवळ गेलं की प्लास्टिक जळल्याचा वास. उघडलं तेव्हा कळलं सॉकेट 16 अँपिअरचं पण मागे वायर जुनी, बारीक आणि ॲल्युमिनियमची, ती तांब्याच्या तुकड्याला पीळ मारून टेपने गुंडाळलेली. ॲल्युमिनियम आणि तांब्याचा असा जोड सैल होत जातो आणि तापतो हे तेव्हा कळलं. जुन्या वायरीचं रबर तर वाकवलं की कुरकुरीत होऊन पडायचं. तुमचा तो म्हणतोय ना वायर चांगली आहे, त्याला मेन बंद करून एक बोर्ड उघडायला सांगा आणि वायर तुमच्यासमोर वाकवायला सांगा, लगेच कळेल.

भिंती फोडू नका हो! आमच्याही मातीच्याच आहेत. आम्ही वरून पीव्हीसीची केसिंग पट्टी मारली आणि सरफेस बॉक्स लावले, छताच्या कडेने नेली आणि भिंतीचाच रंग दिला, आता लक्षातही येत नाही. मटेरियल महाराणी रोडवरून स्वतः जाऊन आणा, वायरीचा बंडल 90 मीटरचा असतो, त्यावर आयएसआयची खूण आणि साइज छापलेली असते ती वाचून घ्या. दिव्या-पंख्याला 1.5 स्क्वेअर एमएम, पॉवर पॉइंटला 2.5, एसीला 4.

आणि इन्व्हर्टर असेल तर आधीच सांगा. आमचा आरसीसीबी रोज पडायचा, मग कळलं की इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्याच लाइनला जोडलेला होता. आमच्या इलेक्ट्रिशियनने चक्क आरसीसीबी बायपास करायचा सल्ला दिला होता! न्यूट्रल वेगळे केले आणि तेव्हापासून एकदाही उगाच पडला नाही.

पेचकस_आणि_टेस्टर

मी हेच काम करतो, सुदामा नगर साइडला. ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे, थोडं माझ्याकडून.

गीझर 2000 वॅटचा म्हणजे पावणेनऊ अँपिअर, त्याला 16 चं सॉकेट, 2.5 ची वायर, स्वतःचा एमसीबी, आणि खटका बाथरूमच्या बाहेर, दोन्ही वायरी तोडणारा डीपी. एसीची लाइन बोर्डापासून वेगळीच न्या, मध्ये कुठे दुसरा पॉइंट काढू नका. आणि बिलावर मंजूर लोड किती लिहिलाय ते बघा, एसी-गीझर दोन्ही आले की वाढवून घ्यावा लागेल.

काम झालं की चेक करून घ्या, सॉकेट समोरून बघताना फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर. खटका फेजवरच पाहिजे, जुन्या घरात अर्ध्या ठिकाणी न्यूट्रलवर निघतो, म्हणजे दिवा बंद असतो पण होल्डरमध्ये फेज असतो, बल्ब बदलताना लोकांना तिथेच बसतो. अर्थ मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या मीटरने) मोजून खरा कळत नाही, मीटर खराब अर्थवरही 220-230 दाखवतो. 100 वॅटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघायचा, फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला तर अर्थ खरा, मंद झाला तर खोटा. हे आरसीसीबी लावायच्या आधी करायचं, नाहीतर तो पडणारच, आणि घरच्यांनी नाही करायचं, माझ्यासारख्याकडून करून घ्या.

आणि सॉकेटच्या शटरमध्ये (भोकांच्या आतल्या झाकणांत) पेन किंवा पेचकस घालून दोन पिन कोंबायची सवय असेल तर ती आजच बंद करा. अर्थची पिन लांब असते ती मुद्दाम, आधी अर्थ जोडला जावा आणि शटर उघडावं म्हणून.

रामबागचं_जुनं_घर

काका, ताई, दादा, तिघांचेही मनापासून आभार. काल मेन बंद करून फ्रिजचं सॉकेट उघडवलं. थ्री पिन आहे, पण वरच्या स्क्रूला वायरच नाही! कोणीतरी कधीतरी नुसतं सॉकेट बदललं असणार, आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो की तीन भोकं आहेत म्हणजे अर्थ आहे. वायर वाकवली तर ताईंकडे झालं तेच, रबर हातात आलं.

त्या इलेक्ट्रिशियनला नको म्हटलं. आरसीसीबी आज बसतोय, स्वयंपाकघराची नवी लाइन सोमवारपासून, सगळं पट्टीतून. फ्रिजपुढे तोवर रबरी मॅट टाकलीय आणि आईला चप्पल घालूनच उघड म्हटलंय. खड्डा अंगणात तुळशीच्या कट्ट्याला लागून घ्यायचा विचार आहे, आई म्हणते तुळशीला रोज पाणी घालतेच, त्यात खड्ड्यालाही घालीन. चालेल ना?

पेचकस_आणि_टेस्टर

रोज पाणी मिळणार हे फार चांगलं, आपल्या मालव्याच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती पाइपापासून सुटते, मग एप्रिल-मेमध्ये अर्थ कमजोर होतो. पण कट्ट्याला लागून नका घेऊ, खड्ड्यात कोळशाबरोबर मीठ जातं, त्याने तुळस जळेल. घराच्या भिंतीपासूनही दीड मीटर तरी लांब ठेवा. तुळशीपासून चार-पाच हात सोडून घ्या आणि वर फनेल लावून घ्या, आईंना तांब्याने ओतता येईल. मोटर लाइन आणि पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते खणायच्या आधी बघा.