टिनिडाझोल घ्यायचं आहे, बाळ पूर्ण अंगावर पितं. किती वेळ थांबायचं आणि दूध कसं टिकवायचं?

निशिगंध

बाळ सव्वातीन महिन्यांचं आहे, पूर्ण अंगावर पितं, वरचं दूध अजून एकदाही दिलेलं नाही. माझ्या शौचाच्या तपासणीत जिआर्डिया (आतड्यातला परजीवी जंतू) निघाला. टिनिडाझोल 2 ग्रॅम, एकदाच, जेवणानंतर, असं लिहून दिलंय. औषधासोबतच्या कागदावर 'स्तनपान देऊ नये' एवढंच आहे, किती वेळ ते नाही. तर नक्की किती तास थांबायचं? दूध पिळून टाकलं तर औषध लवकर निघून जातं का? आणि त्या काळात दूध आटू नये म्हणून काय करायचं? कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉलही दिली आहे, ती अजून सुरू केलेली नाही.

औषधविचार

ट्रॅमाडॉल सुरू केली नाहीत हे बरं झालं, ती बदलून मागा. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही दोन्ही औषधं यकृतातल्या एका एन्झाइममुळे जास्त तीव्र औषधात बदलतात. काही जणींच्या शरीरात हा बदल फार वेगाने होतो, आणि आपण त्यांतल्या आहोत की नाही हे बाहेरून कळत नाही. मग दुधातून बाळाला गुंगी येते, बाळ ढिलं पडतं, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली अंगावर पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही घेऊ नयेत असा इशारा दिला. कंबरदुखीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चालतं. दोन्ही दुधात अगदी थोडी उतरतात.

आता टिनिडाझोल. त्याची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण 12 ते 14 तास लागतात. 13 तास धरून हिशेब करा: 13 तासांनी निम्मं, 26 तासांनी पाव, 39 तासांनी साडेबारा टक्के, 52 तासांनी सहा, 65 तासांनी तीन टक्के. शेवटच्या डोसनंतर 72 तास पाजू नये, ही टिनिडाझोलची अधिकृत सूचना या हिशेबाशी जुळते. तुमचा डोस एकच आहे, म्हणून घड्याळ गोळी गिळल्या क्षणापासून सुरू.

पिळून टाकल्याने औषध लवकर जात नाही. दूध म्हणजे भरून ठेवलेली टाकी नव्हे. औषध रक्तातून दुधात येतं, तसंच रक्तातलं कमी झालं की दुधातून उलट रक्तात परत जातं. त्यामुळे 72 तास संपल्यावर छातीत जे दूध असेल ते चालतं, आधीचं 'जुनं' काढून टाकायची गरज नाही. मधल्या काळात दूध काढायचं ते फक्त उत्पादन टिकावं आणि गाठी होऊ नयेत म्हणून.

पण थांबायचं ठरवण्याआधी डॉक्टरांना एक विचाराच: मेट्रोनिडाझोल चालेल का? रोज तीन वेळा विभागून, 5 ते 7 दिवस. या पद्धतीने घेतलं तर पाजणं सुरू ठेवता येतं. हे औषध गरज पडली तर तान्ह्या बाळांना थेटही देतात, आणि दुधातून मिळणारी मात्रा त्या डोसपेक्षा कमी असते. दूध थोडं कडवट लागू शकतं, त्यामुळे काही बाळं कुरकुरतात. बाळाला पातळ शी, तोंडात पांढरे चट्टे किंवा लंगोटाच्या जागी लाल पुरळ दिसतंय का, तेवढं बघायचं. हेच मेट्रोनिडाझोल 2 ग्रॅम एकदम घेतलं तर मात्र 12 ते 24 तासांचं अंतर ठेवायला सांगतात. औषध तेच, डोस बदलला की उत्तर बदललं. म्हणून 'अमुक गोळी चालते का' असं विचारताना किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि बाळाचं वय, हे तिन्ही सांगायचं.

कागदावरच्या 'देऊ नये'बद्दल. पुरेशी माहिती गोळा झालेली नसेल तर कंपन्या सरसकट तेच छापतात, त्यामुळे ते वाक्य धोक्याचं आहे की नुसत्या सावधगिरीचं, हे त्यावरून कळत नाही. जाणकार एक साधा हिशेब करतात. समजा आईचं वजन 60 किलो आणि औषध रोज 120 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 2 मिलिग्रॅम. दुधात ते लिटरमागे 0.4 मिलिग्रॅम सापडतं. बाळ दिवसाला किलोमागे 150 मिलिलिटर पितं असं धरतात, म्हणजे त्याला किलोमागे 0.06 मिलिग्रॅम मिळालं. 0.06 भागिले 2 म्हणजे 3 टक्के. हा आकडा 10 टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक औषधं चालण्याजोगी मानतात. बहुतेक, सगळी नव्हे: कर्करोगावरच्या औषधांना हा नियम लावायचा नाही. लॅक्टमेड या मोफत माहितीसाठ्यात औषधाचं नाव टाकलं की दुधातल्या पातळीचे आकडे मिळतात. डॉक्टरांकडे जाताना ते पान सोबत न्या.

बाळाचं वय बघायचं ते यासाठी, की दुधातून औषध जाऊन त्रास झाल्याच्या नोंदी बहुतांशी दोन महिन्यांखालच्या बाळांच्या आहेत. त्या वयात यकृत आणि मूत्रपिंड औषध बाहेर टाकायला पुरेशी तयार नसतात. अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर सगळंच उत्तर नव्याने काढावं लागतं.

निशिगंध

खूप आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं. मेट्रोनिडाझोलचा कोर्स आधी झालाय आणि जंतू गेले नाहीत, म्हणून टिनिडाझोलच. दोन आठवडे थांबलं तरी चालेल म्हणाले. ट्रॅमाडॉल काढून पॅरासिटामॉल दिली. आता या 72 तासांची तयारी कशी करू?

स्तनपान_मदत

दोन आठवडे हाताशी आहेत ही मोठी सोय आहे, आजपासूनच साठवायला लागा.

या वयाचं बाळ दिवसाला साधारण 750 मिलिलिटर पितं, म्हणजे तीन दिवसांचे सव्वादोन लिटर. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने पंप लावा, त्या वेळी दूध जास्त असतं. रोज 60 मिलिलिटर जरी वरचं निघालं तरी दोन आठवड्यांत 840 होतं, म्हणजे एका दिवसाहून थोडं जास्त. रात्री आणखी एकदा काढलंत तर त्याच्या दुप्पट. उरलेल्याची सोय दुग्धपेढीचं दूध (दुसऱ्या आयांनी दान केलेलं) किंवा फॉर्म्युला यांतून बालरोगतज्ज्ञांना विचारून आधीच ठरवा. गोळी घेतल्यावर रात्री धावपळ नको. गाईचं-म्हशीचं दूध या वयात नाही. फॉर्म्युला पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी 70 अंशांच्या खाली जायच्या आत त्यात ती कालवायची आणि मग निववून द्यायची.

साठवताना 60 ते 90 मिलिलिटरच्या छोट्या पिशव्या करा, तारीख लिहा. ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, डीप फ्रीझरमध्ये 6 महिने चांगलं राहतं. गोठवलेलं रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवा, देताना पिशवी कोमट पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह नको, काही भाग पोळण्याइतका गरम होतो. पूर्ण वितळलेलं दूध 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. आणि एक पिशवी आधी वितळवून बाळाला देऊन बघाच. काही आयांच्या दुधातलं लायपेज चरबी फोडतं आणि दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं ते तोंडात घेत नाहीत. हे ऐन वेळी कळलं तर सगळा साठा असून नसल्यासारखा. असं निघालं तर पुढचं दूध काढल्या काढल्या कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, लगेच गार करा आणि मग गोठवा.

बाटलीची सवयही चार-पाच दिवस आधी लावा. घरातल्या दुसऱ्या कुणी पाजायचं, तुम्ही खोलीबाहेर. आईचा वास आला की बाळ बाटली ढकलतं. सगळ्यात संथ धारेचं निप्पल, बाळ जवळजवळ बसतं, बाटली आडवी, मधेमधे खाली करून थांबायचं. एक पाजणं 15-20 मिनिटं चाललं पाहिजे. पाच मिनिटांत बाटली संपायला लागली तर बाळाला वेगवान धारेची चटक लागते, मग अंगावर पान्हा फुटेपर्यंत दम निघत नाही. बाटली घेतच नसेल तर बोंडलं किंवा वाटी-चमचा. एका वेळी 90 ते 100 मिलिलिटर तयार ठेवा.

गोळीची वेळ: संध्याकाळचं भरपेट पाजणं उरका, जेवा, लगेच गोळी घ्या. शुक्रवारी रात्री 9 ला घेतली तर सोमवारी रात्री 9 ला पाजणं सुरू. वेळ कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

मग 24 तासांत किमान 8 वेळा दूध काढायचं, दर वेळी 15 ते 20 मिनिटं, रात्रीसुद्धा. पाच तासांहून मोठा खंड नको. रात्री 1 ते 5 मध्ये प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, चढं असतं, तेवढं एक काढणं चुकवू नका. छाती भरून राहिली की शरीर उत्पादन कमी करतं, दूध आटतं ते औषधाने नव्हे, यानेच. या तीन दिवसांत काढलेलं दूध त्याच क्षणी ओता. नंतर टाकू म्हणून बाटली फ्रिजमध्ये गेली की घरातलं दुसरं कुणीतरी चांगली समजून तीच बाळाला देतं.

पंपातून कमी येतंय असं वाटलं तर आधी फनेल, म्हणजे पंपाचा छातीवर बसणारा भाग, बघा. त्याची नळी बोंडापेक्षा 1 ते 3 मिलिमीटरच रुंद हवी. मोठी असेल तर बोंडाभोवतीचा काळा भाग आत ओढला जातो, छोटी असेल तर बोंड घासून सोलवटतं. मग व्हॉल्व्ह उजेडात धरा, त्याला केसाएवढी चीर असली तरी ओढ निम्मी होते. ओढ वाढवत नेऊ नका, दुखायला लागलं की पान्हा फुटत नाही. पंप काढल्यावर दोन मिनिटं हाताने पिळा: अंगठा आणि बोटं बोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे, आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग चिमटा, सोडा. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत.

तुमच्या बाबतीत आणखी एक. जिआर्डिया दुधातून जात नाही, हातातून जातो. शौचानंतर आणि दूध काढण्याआधी साबणाने नीट हात धुवा, नखांखालीही. त्यासाठी सॅनिटायझर पुरत नाही.

कुमुद_व

याच विषयात विचारते. सर्दीची गोळी, थायरॉईडची गोळी आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी सर्ट्रालीन, यांतलं काय थांबवायचं? आणि पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन आहे, रंगद्रव्य टोचणार आहेत.

औषधविचार

सर्ट्रालीन आणि थायरॉक्सिन थांबवू नका. सर्ट्रालीन दुधात इतकी कमी उतरते, की पाजणाऱ्या आईसाठी नैराश्यावर पहिली निवड बहुधा तीच असते. ती एकदम तोडली तर चक्कर, बेचैनी आणि आजार उलटणं, हा धोका बाळाला दुधातून पोचणाऱ्या अंशापेक्षा फार मोठा. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, तुमच्याच शरीरातली कमतरता भरून काढतं.

थांबवायची ती सर्दीची गोळी, स्यूडोएफेड्रिन असलेली. बाळाला फारसा त्रास नसतो, पण दूध घटतं; 60 मिलिग्रॅमच्या एकाच डोसने दिवसभराचं दूध सरासरी 24 टक्के कमी झाल्याचं मोजलेलं आहे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि पॅरासिटामॉल घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होऊ शकतं, कॅबरगोलिनने तर बंदच होतं.

सीटीच्या रंगद्रव्यासाठी थांबायचं कारण नाही. त्याचा 1 टक्क्याहून कमी भाग दुधात येतो आणि त्यातलाही 1 टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून आत जातो. एमआरआयच्या गॅडोलिनियम या रंगद्रव्याचंही तसंच. किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेला स्कॅन ही वेगळी गोष्ट, तिथे द्रव्याचं नाव विचारून तास ठरतात. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन 131 घ्यायचं असेल तर या बाळाचं अंगावर पाजणं कायमचं थांबवावं लागतं, तेही उपचाराच्या कित्येक आठवडे आधी, कारण दूध बनवणाऱ्या ग्रंथी आयोडीन ओढून घेतात. ॲमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांवरचं औषध) टाळायचं, ते शरीरात महिनोन्महिने राहतं. लिथियमवर (मनोविकारावरचं औषध) असताना पाजायचंच असेल तर बाळाच्या रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉईड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासत राहणारे बालरोगतज्ज्ञ सोबत हवेत. बाळाला जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच दाखवायचं, शरीरातलं पाणी घटलं की पातळी चढते.

निशिगंध

शेवटचं एक. 72 तासांनंतर त्याने अंगावर घेतलंच नाही तर? आणि मधे कुणी चुकून एकदा पाजलं तर?

स्तनपान_मदत

एकदा चुकून पाजलं गेलं तर घाबरू नका. त्याला उलटी-जुलाब होतात का ते दिवसभर बघा, बालरोगतज्ज्ञांना फोनवर कळवा. घड्याळ मात्र मूळ गोळीपासूनच मोजायचं.

पहिलं पाजणं बाळ कडकडून भुकेलं असताना करू नका. अर्धवट झोपेत किंवा नुकतं जागं होताना, उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून घ्या. आधी एक-दोन मिनिटं हाताने पिळून पान्हा फोडा, म्हणजे तोंड लावताच धार मिळते. पाठ ताणून रडायला लागलं तर जबरदस्तीने डोकं दाबू नका, नाहीतर छातीचीच धास्ती घेतं. 20-30 मिलिलिटर बाटलीने देऊन भूक मोडा आणि परत लावून बघा. एखाद-दोन दिवस असं चालू शकतं, तोवर प्रत्येक चुकलेल्या पाजण्यामागे एकदा पंप. हे दूध आता टाकायचं नाही, बाळालाच द्यायचं. दिवसातून सहा ओले लंगोट होत असतील तर पोटात पुरेसं जातंय. छातीत लाल, गरम, दुखरा पट्टा आणि 38.5 अंशांवर ताप आला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. स्तनाच्या दाहावरची नेहमीची प्रतिजैविकं पाजणं सुरू ठेवून घेता येतात. चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना बाळाचं वय सांगा.