एकाच निप्पलवरची जखम भरतच नाहीये, कोणाला दाखवू?

मनवा_क: ताईंनो, मोठ्या बहिणीसाठी विचारतेय, वय ४८. उजव्या निप्पलला खाज येते, खपली धरते, ती निघाली की खाली ओलं लालभडक, लस येते आणि ब्राला चिकटून बसते. एक्झिमा म्हणून स्टिरॉइडचं मलम दिलंय, लावलं की बरं वाटतं आणि थांबवलं की पुन्हा तेच. गाठ लागत नाही. ती लाजून आधी कोणाला बोललीच नव्हती. आता स्किनवाल्यांकडे नेऊ की सर्जनकडे?

शुभदा७: दुसरी बाजू साफ आहे का? आणि सुरुवात टोकावरून झाली की भोवतीच्या काळ्या भागावरून? एक्झिमा बहुतेक वेळा दोन्हीकडे असतो आणि भोवतीने सुरू होतो. पॅजेट्स डिसीज म्हणून निप्पलच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, तो एकाच बाजूला, टोकापासून बाहेर पसरत जातो.

मनवा_क: एकाच बाजूला, टोकावरूनच 😟

घरचा_वैद्य: घरगुती लेप लावून बघा, साबण बंद करा.

डर्मा_मैत्रीण: लेप अजिबात नको. साबण, डिटर्जंट, घट्ट ब्रा यांनी एक्झिमा होतो हे खरं, पण तो दोनेक आठवड्यांच्या नीट उपचारानं आटोक्यात यायला हवा. मलमाने बरं वाटलं म्हणून पॅजेट्स नाही असं धरू नका, वरची सूज त्यातही तात्पुरती कमी होते. मनवा, स्किनवाले असोत की ब्रेस्ट सर्जन, जो लवकर भेटेल तो, फक्त बायोप्सी करणारा हवा. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा पूर्ण जाडीचा तुकडा काढतात, नुसतं खरवडून काढलं तर निदान हुकू शकतं. सोबत मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. पॅजेट्समध्ये बहुतेकींना आत कॅन्सर सापडतो, गाठ लागत नसली तरी, आणि मॅमोग्राफी क्लीन आली तरी बायोप्सी टाळायची नाही. पॅजेट्स निघाला तर मग एमआरआयही सांगतात.

रेवा_न: घाबरवू नका हो तिला! माझंही असंच चिघळायचं, पाळीच्या आधी जास्त, मला तर कॅन्सरच वाटला होता. बायोप्सीत निप्पल अ‍ॅडेनोमा निघाला, साधी गाठ, पूर्ण काढून टाकली आणि विषय संपला. पण बायोप्सीशिवाय ते कळलं नसतं हेही खरंच.

मनवा_क: आणि पॅजेट्सच निघाला तर अख्खा स्तन काढतात का?

डर्मा_मैत्रीण: दरवेळी नाही. आजार मधल्या भागापुरता असेल तर निप्पल आणि भोवतीचा भाग काढून रेडिएशन देतात, पसरलेला असेल तर पूर्ण काढावा लागतो. काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासायच्या का आणि केमो लागेल का, हे आत काय सापडतं त्यावर. जाताना लावलेल्या मलमाची ट्यूब घेऊन जा, कधीपासून लावतेय तेही सांगा. आणि रिपोर्टसोबत बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइडही (त्याच्या कापाची काचपट्टी) मागून ठेवा, दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात.