मॅसी 35 ची जुनी लिफ्ट: ट्रॉलीचा जॅक आणि पलटी नांगरासाठी बाहेरची लाइन आतल्या पंपावरून काढू की वेगळा पंप बसवू?

नमस्कार मंडळी,

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन 35, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, सिंगल क्लच. इंजिन उत्तम आहे आणि लिफ्ट कल्टिव्हेटर आरामात उचलते. आता याच ट्रॅक्टरवर बाहेरची हायड्रॉलिक लाइन काढायची आहे. एक काम ट्रॉली उलटवण्याचं. दुसरं, दोन फाळांचा पलटी नांगर बांधाशी आल्यावर फिरवण्याचं. ट्रॉलीचा जॅक सिंगल अ‍ॅक्टिंग आहे, म्हणजे तेलाने वर जातो आणि ट्रॉलीच्या वजनानेच खाली बसतो. नांगराचा सिलिंडर मात्र डबल अ‍ॅक्टिंग, त्याला दोन होस लागतात.

या लिफ्टची गोम अशी की पंप मागच्या हाऊसिंगच्या पोटात तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (अवजारं फिरवायला मागे दिलेल्या) शाफ्टवर फिरतो. कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे नाही, पंप जिथून तेल ओढतो तिथे आहे. लिव्हर मध्यावर असला की पंप फिरतो, पण तेल ओढतच नाही. म्हणून नुसता प्लग काढून होस जोडला तरी लिव्हर वर केल्याशिवाय त्यात दाब येणार नाही. आणि लिव्हर वर केला की लिफ्टचे हातही वर जाणार. बाहेरच्या गिअर पंपावर चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी दिलेले सल्ले इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून हे आधी स्पष्ट करतो.

सीटसमोर उजव्या हाताला लिफ्ट कव्हरवर एक छोटी प्लेट आहे. पंपाकडून वर येणारा उभा पाइप तिच्याखाली संपतो. ती काढून तिथे स्पूल व्हॉल्व्हचा (दांडा हलवून तेल हव्या त्या होसकडे वळवणारा) ब्लॉक बसवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे पीटीओवर वेगळा गिअर पंप, त्याची वेगळी टाकी आणि वेगळं तेल. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे गिअर पंपाला कमी पडतात, त्यामुळे मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागेल. सामान वाढतं, वजन वाढतं, पण लिफ्टला हात लावावा लागत नाही.

ट्रॉलीच्या जॅकचा हिशेब मांडून पाहिला. आतला व्यास 100 मिमी, स्ट्रोक 1 मीटर. म्हणजे पूर्ण वर जायला जवळपास 8 लिटर तेल लागणार. 150 बार दाब धरला तर जॅक साधारण 12 टनांचा जोर देतो, तेव्हा ताकदीची चिंता नाही. चिंता त्या 8 लिटरची आहे, कारण या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं तेल एकच आहे. ट्रॉली वर असताना एवढं तेल हाऊसिंगमधून बाहेर गेलेलं चालेल का?

दुसरा प्रश्न ड्राफ्ट कंट्रोलचा. कठीण जमीन लागली की टॉप लिंकवर (नांगराला जोडणाऱ्या वरच्या दांड्यावर) दाब येऊन नांगर आपोआप थोडा उचलला जातो आणि मऊ जमिनीत परत बसतो, हेच या लिफ्टचं खरं वैभव. ते बिघडणार असेल तर मी पलटी नांगराचा नाद सोडेन. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा मिस्त्रीकडून करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

दादा, ट्रॉलीसाठी आतला पंप पुरेसा आहे. तुमच्या क्वाड्रंटवर (लिव्हरच्या खुणांच्या पट्टीवर) पोझिशनच्या, म्हणजे हात ठरावीक उंचीवर धरणाऱ्या, लिव्हरला 'ट्रान्सपोर्ट'च्या पलीकडे 'कॉन्स्टंट पंपिंग'ची जागा आहे. तिथे लिव्हर नेला की पंप अखंड तेल देतो. ही सोय बाहेरच्या कामासाठीच ठेवलेली आहे. टीई 20 ला, म्हणजे फर्ग्युसनच्या आधीच्या ट्रॅक्टरला, फक्त ड्राफ्ट कंट्रोल होता, पोझिशन कंट्रोल 1956 च्या 35 पासून आला, त्यामुळे टीई 20 वाल्यांचे उपाय वाचताना भेद लक्षात ठेवा.

स्पूल व्हॉल्व्ह ओपन सेंटरच घ्या. क्लोज्ड सेंटर घेतला तर दांडा मध्यावर असताना तेलाला परतीची वाट मिळत नाही, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) सतत उडतो आणि तेल तापतं. परतीची लाइन मोठ्या व्यासाची ठेवा आणि ती तेल भरायच्या तोंडातून हाऊसिंगमध्ये सोडा. त्याचबरोबर लिफ्टच्या सिलिंडरकडे जाणारी वाट बंद करणारा आयसोलेटर हवाच. तो नसेल तर तेल आधी जिथे कमी ओझं आहे तिथे पळतं, आणि ट्रॉली उचलायच्या ऐवजी मोकळे हात वर येतात.

तेलाचं म्हणाल तर ट्रॉली सपाट जागी उभा राहून रिकामी करायची असते, दोन मिनिटांचं काम. जॅक खाली असताना पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा आणि ट्रॉली वर असताना ट्रॅक्टर लांबवर चालवू नका. मला जास्त भीती घाणीची वाटते. जॅकमध्ये जुनं तेल, पाणी, गंज काहीही असतं आणि ते सगळं तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतं. पहिल्यांदा जोडण्याआधी जॅक पूर्ण रिकामा करून धुऊन घ्या आणि परतीच्या लाइनला फिल्टर लावा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. 'कॉन्स्टंट पंपिंग' अशी खूण क्वाड्रंटवर आहे, आत्ताच रंग खरवडून पाहिली. आता नांगराचं सांगा. नांगर लिफ्टवर टांगलेला असतानाच फिरवायचा असतो. आयसोलेटर बंद केला तर तो वर धरून राहील ना?

प्रतिसाद

राहील, पण लिफ्टच्या पिस्टनच्या रिंगा आणि ओरिंग चांगल्या असतील तरच. आधी तपासा. नांगर पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. थोड्या वेळाने पुन्हा मोजा. हात दिसण्याइतके उतरले असतील तर आतून तेल गळतंय. इंजिन चालू असताना हात हलके वर-खाली उसळत राहतात तेही याच कारणाने, गळालेलं तेल पंप पुन्हा भरत असतो. अशा लिफ्टवर नवा ब्लॉक बसवण्याआधी कव्हर उघडून रिंगा बदला, कव्हर एकदाच उतरवावं लागेल.

क्रम असा: बांधाशी नांगर उचला, आयसोलेटर बंद, कॉन्स्टंट पंपिंग, नांगर फिरवा, लिव्हर मागे, आयसोलेटर चालू. तुमचा सिंगल क्लच आहे, म्हणजे क्लच दाबला की पंपही थांबतो. गिअर न्यूट्रल करून क्लच सोडल्यावरच नांगर फिरेल. नांगराच्या प्रत्येक फेरीला एवढ्या हालचाली करायच्या म्हणजे वैताग येतो, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ट्रॉली आतल्या पंपावर चालवली असती आणि पलटी नांगरासाठी पीटीओवरचा वेगळा पंप घेतला असता. मग क्लच दाबून नांगर फिरवण्याची आशा मात्र धरू नका, सिंगल क्लचवर पीटीओही थांबतो. ड्राफ्ट कंट्रोलला दोन्ही प्रकारांत धक्का लागत नाही. फक्त नांगरताना आयसोलेटर चालू हवा, नाहीतर खोली जिथे आहे तिथेच अडकून बसेल.

रिलीफ व्हॉल्व्हखाली वॉशर टाकून दाब वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. होसची गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरून पाहा. बारीक छिद्रातलं तेल कातडी भेदून आत जातं, जखम टोचल्याएवढी दिसते आणि तरी लगेच शस्त्रक्रिया लागते. ट्रॉलीखाली काम करताना जॅकवर विसंबू नका, लोखंडी टेकू लावा. आणि ब्लॉक घेण्याआधी प्लेट उतरवून उभ्या पाइपचं वरचं टोक आणि त्याची ओरिंग बसायची जागा नीट पाहा, तिथे खड्डे पडले असतील तर नवी ओरिंगही टिकणार नाही.