नदीच्या गोट्यांत आणि बागेच्या खडीत अगेट-जास्पर ओळखायचे कसे?

पाणगोटा:
नमस्कार मंडळी, मला हल्ली नदीपात्रात खाली मान घालून फिरायचा नाद लागलाय आणि तो काही सुटत नाही. पाण्यात असतात तेव्हा प्रत्येक गोटा अगेट (म्हणजे अकीक) वाटतो, लाल-पिवळा-हिरवा काय एकेक रंग, आणि घरी येऊन वाळले की सगळे सारखेच राखाडी. मग परत भिजवून बघायचं, मग परत वाळवायचं, असा उद्योग चाललाय. नेटवरचे फोटो बघून काही उपयोग होत नाही कारण तिथे कापून पॉलिश केलेले दाखवतात, मला बाहेरून न कापता ओळखायचंय. शिवाय लाल दगडांचा वेगळा घोळ आहे, जास्पर कुठलं आणि नुसता गंजलेला दगड कुठला हे कळत नाही. आणि अजून एक, बागेत पसरायला जे गोल गोटे येतात ना, लँडस्केपिंगवाले, त्यांच्या ढिगात पण मला दोन-चार चांगले दिसले, तर तिथे शोधण्यात अर्थ आहे का का उगाच वेळ घालवतोय? आणि संशय आला की हातोड्याने फोडून बघावं का? जाणकारांनी जरा सांगा.

उजेडबघ्या:
स्वागत आहे, हा नाद लागला की पायवाटेवरची खडी पण सरळ चालू देत नाही!

पहिली गोष्ट म्हणजे रंगाच्या मागे लागू नका, रंग सगळ्यात जास्त फसवतो. उजेड बघा. अगेट म्हणजे कॅल्सेडनी, म्हणजे इतक्या बारीक स्फटिकांचं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) की भिंगातून पण दाणे दिसत नाहीत, आणि त्यातून प्रकाश थोडाफार आरपार जातो. जास्पर पण त्याच घराण्यातलं, पण त्यात लोहाची ऑक्साइडं आणि इतर बारीक कचरा इतका मिसळलेला असतो की प्रकाश अडतो. म्हणून एक छोटा टॉर्च खिशात ठेवायचा, गोटा टॉर्चच्या तोंडावर ठेवायचा आणि कडेला बघायचं. निदान पातळ कडा तरी उजळली तर कॅल्सेडनी असायची शक्यता चांगली, अजिबात नाही उजळली पण दगड गुळगुळीत आणि घट्ट असेल तर जास्परच्या बाजूने विचार करायचा. मधले पण भरपूर असतात, अर्धे असे अर्धे तसे, त्यांना लोक जास्प-अगेट म्हणतात, त्यावरून भांडायचं नाही.

नदीवर जायचंच तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, सूर्य खाली असतो तेव्हा, आणि सूर्याकडे तोंड करून चाला. गंमत अशी की सगळे साधे दगड तुमच्याकडच्या बाजूने काळपट दिसतात आणि अगेट आतून पेटल्यासारखं दिसतं. सूर्य पाठीशी घेऊन चाललात तर तेच अगेट पायाखालून निघून जाईल.

दुसरी खूण म्हणजे साल. अगेट ज्या पोकळीत तयार झालं तिच्या भिंतीचा ठसा त्याच्यावर राहतो, त्यामुळे बाहेरून खड्डे-खड्डे, खरबरीत, कधी हिरवट किंवा तपकिरी असतं, एकदम कुरूप. नवखे लोक नेमके हेच टाकून देतात. नदीत फार घासलं गेलं असेल तर ही साल जाते आणि मग त्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या बारीक चिरा दिसतात, दुसऱ्या दगडांवर आपटून आलेल्या. पट्टे दिसले तर बोनस समजा, नाही दिसले म्हणून टाकू नका. मॉस अगेटमध्ये (आत शेवाळासारखी नक्षी असते ते) तर पट्टे नसतातच.

रेतीमाती:
वरच्या प्रतिसादाला +१, फक्त एक भर. आरपार उजेड जातो म्हणून सगळंच अगेट नसतं बरं का. साधं पांढरं क्वार्ट्झ पण उजळतं, क्वार्ट्झाइटची (दाब-उष्णतेने घट्ट झालेला वाळूचा खडक) पातळ कड पण उजळते. भिंगातून तुटलेला भाग बघा, क्वार्ट्झाइट साखरेसारखं दाणेदार चमकतं, कॅल्सेडनीचा तुटलेला भाग मेणचट, गुळगुळीत आणि शिंपल्यासारखा वळलेला असतो. आणि बाटलीच्या काचेचे तुकडे! नदीत घासून असे काही सुंदर होतात की भलेभले फसतात. काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर खेळ खलास.

आता शोधायचं कुठे ते सांगतो कारण ते कोणी विचारलं नाही पण तेच महत्त्वाचं आहे. नदीच्या गोट्यांत तेच मिळतं जे वरच्या अंगाला आहे. वर ज्वालामुखीचा खडक असेल, बेसॉल्ट किंवा रायोलाइट, तर अगेटची आशा धरायची. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे फुगे अडकतात, नंतर भूजलातून सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनतं ते द्रव्य) येऊन त्या पोकळ्या भरतात. पुढे लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन बेसॉल्टची माती होते पण क्वार्ट्झ काही झिजायला तयार नसतं, मग हे गोळे सुटे होऊन नदीत येतात. वर नुसता चुनखडक असेल तर चर्ट (सिलिकाचाच घट्ट, साधा दगड) मिळेल, अगेट शोधत बसू नका. त्यामुळे आधी भूवैज्ञानिक नकाशा बघायचा, मग चपला घालायच्या.

आणि हे फार लांबचा प्रवास करतात. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर अगेटचंच बघा, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमधलं, पण हिमनद्यांनी ते ओढत दक्षिणेला मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवापर्यंत नेऊन पसरवलं, म्हणून तिकडचे लोक डोंगरात जात नाहीत, खडीच्या खाणीत आणि गाड्यांच्या वाटेवर पसरलेल्या खडीत शोधतात. मिनेसोटाने तर १९६९ मध्ये ते राज्याचं रत्न म्हणून जाहीर केलं. मॉन्टाना अगेट यलोस्टोन नदीच्या गोट्यांत मिळतं. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधलं अगेट झिजून गुजरातेत रतनपूरच्या जुन्या गोट्यांच्या थरांत जमा झालंय आणि खंभातचे कारागीर कित्येक शतकं त्याचेच मणी करतात, भाजून लाल करतात, कारण भाजलं की आतल्या लोहाचा पिवळट रंग लाल होतो. म्हणजे वाहून आलेल्या गोट्यांत शोधणं हे काही दुय्यम काम नाही, अगेट बहुतेकदा तिथेच सापडतं.

नदीत वळणाच्या आतल्या बाजूला जिथे पाण्याचा जोर कमी होतो तिथे गोटे साचतात, तो पट्टा धरा, आणि पूर ओसरल्यावर जा. पुराने सगळा ढीग उलटापालटा केलेला असतो, ताजे दगड वर आलेले असतात. पात्रात मऊ चिखल, अचानक खोल, वरून धरणाचं पाणी सुटणं, हे सगळं बघून जा, खाली मान घातली की माणूस पाण्याकडे बघत नाही.

खडीचाढीग:
नदी नदी काय, मी तर म्हणेन नवख्याने आधी लँडस्केपिंगच्या ढिगातच डोळा तयार करावा. कारण साधं आहे, चाळून एकाच मापाचे गोटे समोर असतात, चिखल नाही, वाहतं पाणी नाही. फक्त ढीग कुठला ते बघा. टोकदार, क्रशरमधून आलेली खडी असेल तर ती एका खाणीतला एकच खडक असते, ग्रॅनाइट तर सगळं ग्रॅनाइट, तिथे वेळ घालवू नका. हां, बेसॉल्टची खडी असेल तर एखाद्या तुकड्यात पोकळी आणि आत कॅल्सेडनी किंवा झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणारं दुसरं खनिज) दिसू शकतं, तेवढं नजरेखालून घाला. गोल गोटे मात्र जुन्या किंवा चालू नदीपात्रातून उपसलेले असतात, त्यात दहा जागचे दगड एकत्र. सापडेल तर तिथे.

पाऊस पडून गेल्यावर लगेच बघा, धूळ धुतली जाते आणि रंग उघडे पडतात. नाहीतर मालकाला विचारून पाइपने पाणी मारा. विचारून म्हणजे खरंच विचारून! दुसऱ्याच्या अंगणातला, सोसायटीच्या बागेतला दगड हा कोणीतरी विकत आणलेला असतो, "एकच तर घेतला" असं म्हणून खिसा भरायचा नाही. राखीव जंगलात आणि राष्ट्रीय उद्यानात तर दगड उचलायलाच मनाई असते, आधी चौकशी करा.

आणि पिशवीतले तुळतुळीत चकचकीत गोटे मिळतात त्यापासून सावध. काहींवर मेण किंवा तेल फासलेलं असतं, काही सरळ रंगवलेले असतात. अगेटला बारीक छिद्रं असल्याने रंग छान शोषला जातो, जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून हे काम पद्धतशीर चालतंय. भडक गुलाबी, गडद निळा, पोपटी असा रंग आणि चिरांमध्ये तोच रंग जास्त गोळा झालेला दिसला की समजायचं.

पाणगोटा:
बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. टॉर्चचा प्रयोग लगेच करून बघितला, बरेच गोटे कडेला मधासारखे उजळले, भारी वाटलं. आता लाल दगडांचं सांगा. त्यातल्या एकाला चाकूने ओरखडा काढायला गेलो तर चकचकीत राखाडी रेघ उमटली, म्हणजे दगड मऊ आहे ना? जास्पर बाद?

भिंगवाली:
उलट! ती रेघ दगडावर चाकूने ठेवलेली धातू आहे. बोटाने घासा, पुसून जाईल किंवा निदान खाली खाच नसेल. चाकूचं पोलाद मोहसच्या मोजपट्टीवर (खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजतात ती) साधारण ५.५ ते ६.५ मध्ये असतं, जास्पर आणि अगेट ६.५ ते ७, म्हणून चाकू हरतो. खरी खाच पडून भुकटी निघाली तर मात्र दगड मऊ. कॅल्साइट (चुनखडकातलं खनिज) ३ वरच असतो, त्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात, खरवडून थोडी भुकटी केली तर जास्त पटकन कळतं.

आता लाल दगडांत सगळ्यात मोठा भामटा कोण सांगू? वीट. हसू नका, नदीत गोल झालेला विटेचा किंवा कौलाचा तुकडा ओला असताना अगदी जास्पर दिसतो. पण वीट पाणी पिते. वाळलेल्या दगडावर एक थेंब टाका, शोषला गेला तर वीट किंवा सच्छिद्र वाळूचा खडक, थेंब तसाच बसून राहिला तर पुढे बघा. दुसरा भामटा रायोलाइट, हा पण लाल, हा पण घट्ट, कठीणपण जवळपास तेवढाच, पण भिंगातून बघितलं की त्यात चौकोनी-लांबट पांढुरके स्फटिक विखुरलेले दिसतात. जास्परमध्ये दाणे दिसत नाहीत, रंगाचे ढग, शिरा, ठिपके असतात आणि बऱ्याचदा मधून कॅल्सेडनीची पांढरी शीर गेलेली असते. तिसरा प्रकार म्हणजे वरून गंजाचा लाल थर आणि आतून भलताच दगड, त्याला एखादा जुना टवका उडालेला असतोच, तिथे बघा रंग आतपर्यंत गेलाय का.

हातोड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलते, नको. अगेट फुटतं ते आपल्या मर्जीने नाही, असलेल्या चिरा धरून फुटतं आणि मधल्या पट्ट्यांचा भुगा होतो. त्यातून क्वार्ट्झची कपची काचेसारखी धारदार असते, डोळ्यात गेली तर संपलं.

रेतीमाती:
भिंगवाली ताई, थोडं असहमत. प्रत्येक संशयित गोटा करवतीवर चढवायला सगळ्यांकडे डायमंड ब्लेड नसते ओ. चष्मा लावून, जाड फडक्यात गुंडाळून, कोपऱ्याचा एक टवका उडवला तर आतलं कळतं, आणि मोठा साधा दिसणारा दगड असेल तर त्यात जातंय तरी काय. चांगली साल असलेला पूर्ण गोळा असेल तर मात्र हात लावू नये, तिथे तुमचंच बरोबर.

भिंगवाली:
मान्य, पण फडकं विसरायचं नाही आणि ज्याचे हातोडे बांधकामाचे आहेत त्यांनी ते ठिणग्या उडवत दगडावर मारू नयेत, हातोड्याच्याच कपच्या उडतात. मी तरी ढिगात आधीच फुटलेले तुकडे शोधते, नदीने फोडून ठेवलेलेच इतके असतात. आणि करवत असो की ग्राइंडर, पाणी सोडूनच कापायचं. सिलिकाची कोरडी धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यातून मागे येता येत नाही.

पाणगोटा:
समजलं, हातोडा बाजूला ठेवला. शेवटचा प्रश्न, वाळल्यावर रंग जातो त्याचं काय करायचं? कोणी म्हणालं तेल लावा.

खडीचाढीग:
रंग जात नाही हो, तो आतच असतो. पृष्ठभाग खरबरीत असल्याने प्रकाश वरच्यावर विखुरतो आणि दगड पांढुरका दिसतो, पाणी त्या खड्ड्यांत भरलं की पृष्ठभाग सपाट झाल्यासारखा होतो म्हणून रंग दिसतो. तेल तेच काम करतं पण चिकट होतं, धूळ धरतं, आणि थोड्या दिवसांत परत होतं तसंच. कायमचं करायचं तर टंबलर. फिरत्या डब्यात गोटे, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी, आधी ६०/९० ची जाडी (आकडा जितका मोठा तितकी भुकटी बारीक), मग १२०/२२०, मग ५००, आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येक टप्पा आठवडाभर तरी, पहिला तर गोटे गोल होईपर्यंत कितीही. घाई करणाऱ्यांचं पॉलिश कधी येत नाही.

डब्यात सगळे सारख्या कठीणपणाचे घ्या, एखादा कॅल्साइट गेला तर तोच झिजून सगळा चिखल करतो. खोल चिरा असलेला गोटा आधीच काढा, तो मध्येच फुटतो आणि त्याच्या धारदार कडा बाकीच्यांना ओरखडतात. टप्पा बदलताना गोटे, डबा, झाकण सगळं ब्रशने घासून धुवा, चिरेत अडकलेला ६० चा एक कण पुढे पॉलिशमध्ये गेला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. आणि तो चिखल बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत राहू द्या, वरचं पाणी निथळा, खालचं वाळवून कचऱ्यात टाका.

उजेडबघ्या:
ते उजळलेले गोटे टंबलरमध्ये टाकायच्या आधी टॉर्चवर एकदा फिरवून आतल्या चिरा बघून घ्या हो. चीर असेल तिथे उजेड अडतो, एकदम आडवी काळी किंवा चकाकती रेघ दिसते. आणि खड्ड्याखड्ड्यांची साल असलेला पूर्ण गोळा एखादा मिळाला असेल तर तो फिरवूच नका, साल घासून जाते आणि ओळखायची खूण पण. असा एखादा आहे का तुमच्याकडे? असेल तर फोटो टाका, ओला आणि कोरडा दोन्ही.