लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सिनेमात शायरचा शेवट काहून गाळला?

कास्तकाराचं पोरगं, दारव्हा:
राम राम मंडळी. घरी कापूस अन् तूर आहे. तिन्ही सिनेमे यवतमाळले शिकत होतो तवा रूमवर मित्राच्या लॅपटॉपवर हिंदीत पाहिले, तवापासून वर्षातून एकदा तरी पाहतोच. टॉल्किनचं मूळ पुस्तक मात्र यंदा वाचलं, इंग्रजीतलं. तुरीत रोही अन् डुकरं घुसतात म्हणून रात्री जागलीवर जात होतो, तिथंच मचाणीवर बसून, मोबाईलवर डिक्शनरी उघडी ठेवून. तीन महिने लागले.

अन् शेवटाले आलो तर गाडी अडली. सिनेमात ती वाईट जादूची अंगठी जळते, राज्याभिषेक होते, फ्रोडो, सॅम अन् त्यायचे दोघं सोबती असे चौघं हॉबिट, म्हणजे बुटकी माणसं, घरी येतात अन् त्यायचा मुलूख शायर जसंच्या तसं हिरवंगार. पुस्तकात तसं नाहीच ना! तिथं ते येतात तर पुलावर फाटक लावलेलं, रस्त्याच्या कडेची झाडं तोडलेली, जुनी गिरणी पाडून तिथं धूर अन् घाण सोडणारी नवी गिरणी, अन् बाहेरून आलेले गुंड लोकांचं धान्य 'सगळ्यायले सारखं वाटाचं' म्हणून मोजून नेतात ते परत कोणाले भेटत नाही. मैदानातलं ते सुरवातीच्या पार्टीचं झाड आडवं पडलेलं पाहून सॅम ढसाढसा रडते.

मी त्या पानावर थांबलो, पुढं वाचणं झालंच नाही त्या रात्री. आमच्या फाट्यापासून रस्ता रुंद केला तवा दोन्हीकडचे निंब गेले. मी पुण्याहून दिवाळीले आलो होतो, एस.टी.त खिडकीशी बसून निंबाची वाट पाहून राहिलो, ते काही येईनात. कंडक्टर म्हणे उतरा, तुमचा फाटा आला. मी म्हटलं हा नाही. तो म्हणे हाच आहे.

तर माझा प्रश्न असा, की सिनेमाचा दिग्दर्शक पीटर जॅक्सननं हा भाग काढून बरं केलं का? मले तर वाटते पुस्तकाचा जीवच तिथं आहे.

सिनेमावाला, अकोला:
भाऊ तुमचा फाटा वाचून कसंतरी झालं. पन सिनेमा म्हणून इचार करा. तिसरा भाग आधीच २०१ मिनिटांचा आहे. दोन सिनेमे अन् वरून तीन तास माणूस ज्याची वाट पाहून राहिला ती अंगठी एकदाची जळाली, आता त्याले म्हणा बस पुन्हा, गावात अजून एक लढाई बाकी आहे, तर कोण बसन? पुस्तक आपण खाली ठेवतो, उद्या उचलतो, थेटरात तसं जमत नाही. ११ नामांकनं होती अन् ११ ऑस्कर भेटले, म्हणजे शेवट काही फसला नाही.

अन् दुसरं म्हणजे, शेवटाले चौघं हॉटेलात बसतात तो सीन नीट पाहा. हातात पेले आहेत, आजूबाजूले सगळे हसून राहिले, कोणाले पत्ता नाही का या चौघायनं काय केलं, अन् ते एकमेकायकडं पाहून गप. आमच्या गावचा एक फौजी सुट्टीवर आला का पानटपरीवर असाच बसते. लोकं त्याले इचारतात, तिकडं पाऊस कसा आहे. तो सांगते, बरा आहे. मले तो सीन त्याच्यामुळंच कळला. गाव बदललं नाही पन आपण बदललो, हे पन दुःखच आहे ना.

कोळशाच्या गावची, वणी:
सिनेमावाले भाऊ, फौजीचं पटलं, पण गाव बदलत नाही हे कोणत्या गावाचं सांगता? आमच्याकडे खाणीमुळे सासऱ्यांचं अख्खं गाव उठलं. जुन्या घराच्या दाराची चौकट सासऱ्यांनी काढून आणली, नव्या घराला ती बसत नाही, म्हणून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलीय, अजूनही दर पाडव्याला तिला तोरण बांधतात. म्हणून मला पुस्तकातला एल्फ जमातीच्या गॅलाड्रिएलच्या जादूच्या आरशाचा प्रसंग फार लागला. सिनेमात आरशात फ्रोडो पाहतो, शायर जळताना दिसते. पुस्तकात आधी सॅम पाहतो, आणि त्याला दिसतं काय तर झाडं पडतायत आणि त्याचा म्हातारा बाप चार सामान ढकलगाडीवर टाकून टेकडी उतरतोय. सॅम म्हणतो मला घरी जायचंय. तरी तो पुढे जातो. हे पेरलेलं शेवटी उगवतं, म्हणून तो शेवट वरून चिकटवलेला नाही.

टॉल्किन १८९६ ते १९०० बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात गिरणीसमोर राहत होते. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलंय की हा भाग महायुद्धानंतरच्या इंग्लंडवर नाही, माझ्या लहानपणीचा मुलूख मी दहा वर्षांचा व्हायच्या आतच नासवला जात होता. म्हणजे गाव गेलेल्या माणसानं लिहिलंय हे.

आणि शायर नासवणारा तो दुष्ट जादूगार सारुमान! पुस्तकात तो फ्रोडोच्याच दारात मरतो. सिनेमात थेटरच्या तिसऱ्या भागात तर तो दिसतच नाही, एक्स्टेंडेडमध्ये, म्हणजे लांबवलेल्या आवृत्तीत, बुरुजावरून पडतो. पुस्तकात गुंडांशी झालेल्या बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट मेले, स्वतःच्या गावच्या रस्त्यावर, आणि फ्रोडोनं तलवार उपसली नाही, उलट शरण आलेल्यांना मारू नका म्हणून आपल्याच लोकांना आवरत फिरला. अंगठीनं त्याचं काय केलं ते इथं कळतं.

धानाचा मास्तर, लाखांदूर:
ताईंचं वाचून राहवलं नाही. माझ्या मते सर्वात मोठं नुकसान सॅमच्या डबीचं झालं. पुस्तकात गॅलाड्रिएल त्याला साध्या लाकडाची डबी देते, आत तिच्या बागेतली माती आणि एक बी. सिनेमात, तेही एक्स्टेंडेडमध्ये, त्याला दोरी मिळते. दोरी पुस्तकातही आहे, पण माळ्याला माती देणं आणि दोरी देणं यात केवढा फरक आहे! गाव मोकळं झाल्यावर सॅम जिथं जिथं झाड तोडलं तिथं रोप लावतो आणि मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकतो, उरलेली शायरच्या मधोमध वाऱ्यावर सोडतो, आणि बी लावतो ते पार्टीच्या झाडाच्या जागी. पुढच्या वर्षी, शायरच्या गणनेतल्या १४२० साली, असं पीक येतं की म्हातारे आयुष्यभर त्याचंच बोलतात. आमच्याकडं रोवणा झाल्यावर बांधीच्या पाळीवर उभं राहून जो माणूस नुसता पाहत राहतो ना, तो सॅम आहे. मी हा भाग सातवीच्या पोरांना झाडीबोलीत सांगितला, तर एक पोरगी म्हणाली, सर, सगळी माती त्यानं आपल्याच वावरात नाही टाकली का?

कास्तकाराचं पोरगं, दारव्हा:
मास्तर, त्या पोरीले माझा नमस्कार सांगा.

सिनेमावाले भाऊ, फौजीचा सीन आता मी वेगळ्या नजरेनं पाहीन, ते मान्य. पन वेळ नव्हता हे मले पटत नाही. फॅरामिर नावाचा सरदार पुस्तकात म्हणते का अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, अन् सिनेमात तोच फ्रोडो-सॅमले पकडून ऑसगिलियाथ शहराले नेते, तिथं किती वेळ गेला. हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईले एल्फ आणले, पुस्तकात तिथं त्यायची फौज येतच नाही. अन् डोंगराच्या पायऱ्यांवर भाकरीच्या चुऱ्यावरून फ्रोडो सॅमले घरी जा म्हणते अन् सॅम उतराले लागते, हे तर मले पाहवतच नाही, पुस्तकात पायऱ्यांवर असं काहीच नाही. नव्हतं ते घालाले वेळ होता, मग होतं ते काहून गेलं?

सिनेमावाला, अकोला:
पायऱ्यायचा सीन मलेही खटकते, तिथं काही बोलत नाही. शायरले वेळ द्या म्हणता तर पाऊण तास देऊन टाकू, ऑसगिलियाथ पुरं कापा. पन हेल्म्स डीपमधी भोंगा वाजते अन् ते एल्फ रांगेत येतात, तो सीन मी सोडणार नाही भाऊ, पुस्तकात असो का नसो.