लेथवर लाकडाचे छोटे मणी कातताना भोक मधोमध कसे राखावे?

प्रश्न

नमस्कार. दागिन्यांसाठी लागणारे लाकडी मणी लेथवर कातण्याचे काम मी हाती घेतले असून, १० ते १२ मि.मी. व्यासाचे आणि दोऱ्यात किंवा बारीक तारेत ओवता येतील असे गोल मणी करावेत, असा मानस आहे. लेथ लहान, टेबलावर ठेवण्याजोगा आहे. चार जबड्यांचा चक (लाकूड पकडून फिरवणारी पकड), टेलस्टॉकमध्ये, म्हणजे चकसमोरच्या सरकत्या आधारात, बसणारा ड्रिल चक आणि नेहमीच्या पटाश्या हाताशी आहेत. सध्याची पद्धत अशी आहे की, चौकोनी कांडी चकमध्ये धरून ती गोल करायची, तिच्या टोकाशी मणी कातायचा, पॉलिश पेपर मारून तो पार्टिंग टूलने तोडायचा आणि मग सुटा मणी लहानशा व्हाइसमध्ये धरून हातातल्या ड्रिल मशीनने २ मि.मी.चे भोक पाडायचे.

यात तीन अडचणी येतात. भोक एका बाजूला मधोमध सुरू होते, पण दुसऱ्या बाजूला सरकून बाहेर पडते आणि त्यामुळे ओवलेला मणी दोऱ्यावर तिरका बसतो. ड्रिल जिथून बाहेर येते तिथे लाकडाचा टवका उडतो, म्हणजे पॉलिश केलेला मणी अगदी शेवटच्या क्षणी वाया जातो. शिवाय दोन मणी एकसारखे होत नाहीत. एक थोडा लांबट, तर दुसरा थोडा चपटा निघतो. ड्रिल प्रेस (स्टँडवरचे उभे ड्रिल मशीन) घेतल्याने यातून मार्ग निघेल, की मुळात पद्धतच बदलावी? लाकूड मुख्यतः शिसवी असून थोडे ऑलिव्हचे आहे. अंगावर, घामाच्या संपर्कात राहणाऱ्या मण्याला कोणते पॉलिश द्यावे, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १

ड्रिल प्रेस घेण्याची घाई करू नये. आपल्या पहिल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे भोक सर्वांत शेवटी पाडले जाते. गोल मणी तयार झाल्यावर त्याचा अक्ष डोळ्यांना दिसत नाही आणि व्हाइसमध्ये तो जरासा जरी कलला तरी भोक तिरके जाते. भोक आधी पाडून मणी नंतर कातला, तर मण्याचा आकार भोकाभोवतीच घडतो आणि तो मधोमध आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही.

कांडी चकमध्ये धरून आपण म्हणता तशीच गोल करावी आणि तिचे तोंड पटाशीने सपाट करावे. मग पटाशीच्या टोकाने मधोमध एक लहानशी खोच करावी. ही खोच फार महत्त्वाची आहे, कारण २ मि.मी.चे ड्रिल इतके लवचिक असते की सुरुवातीला आधार मिळाला नाही, तर ते लाकडाच्या कठीण रेषेवरून घसरून शेजारच्या मऊ रेषेत शिरते. शक्य असल्यास आखूड आणि जाड दांड्याचे सेंटर ड्रिल आधी लावावे. त्यानंतर ड्रिल टेलस्टॉकच्या चकमध्ये शक्य तितके आखूड धरून मण्याच्या लांबीपेक्षा ५-६ मि.मी. अधिक खोल भोक पाडावे. लाकूड फिरते आणि ड्रिल स्थिर राहते, तेव्हा भोक सरळ राहण्याची शक्यता वाढते, कारण ड्रिल अक्षापासून ढळू लागले तर फिरणारे लाकूड त्याला प्रत्येक फेरीत सगळ्या दिशांनी सारखे ढकलत राहते. स्थिर लाकडात फिरणारे ड्रिल घुसवताना ही मदत मिळत नाही.

एका दमात भोक पाडू नये. ४-५ मि.मी. आत गेल्यावर ड्रिल पूर्ण बाहेर काढावे, त्याच्या खोबणीतला भुसा झटकावा आणि पुन्हा आत सरकवावे. शिसवीसारख्या तेलकट लाकडाचा भुसा खोबणीत चिकटून बसतो, ड्रिल तापते, लाकूड आतून करपते आणि मग ड्रिल मार्ग सोडते. दोन-तीन मण्यांचे भोक एकदम पाडण्याचा मोह होतो, पण खोली वाढली की ड्रिल ढळण्याचा धोकाही वाढतो, म्हणून एका वेळी एकाच मण्यापुरते भोक पाडणे इष्ट. मणी तोडल्यावर पुढच्या मण्याला आधीच्या भोकाचा उरलेला भाग आयताच मार्गदर्शक म्हणून मिळतो.

टवक्याचा प्रश्नही याच क्रमाने मिटतो. भोक मण्याच्या पलीकडे, अजून न तोडलेल्या लाकडात संपते, त्यामुळे ड्रिल मण्यातून बाहेर पडताना मागे भक्कम लाकडाचा आधार असतो आणि तंतू उचकटत नाहीत. तोडतानाही लाभ होतो. पार्टिंग टूल भोकापर्यंत पोचले की मणी सुटतो. मध्ये जो खुंट राहून नंतर घासावा लागतो, तो राहतच नाही.

वेगाविषयीही लिहिणे आवश्यक वाटते, कारण मणी लहान म्हणून लेथ हळू चालवावा असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात १२ मि.मी. व्यासाच्या कांडीचा पृष्ठभाग मिनिटाला १,००० फेऱ्यांना मिनिटाला जेमतेम ३८ मीटर वेगाने धारेसमोरून जातो, तर ३,००० फेऱ्यांना तो वेग ११३ मीटर होतो. वेग कमी असला की धार लाकूड कापण्याऐवजी तंतू ओढते. कांडी सरळ, तडा नसलेली आणि चकमध्ये घट्ट बसलेली असेल तर २,५०० ते ३,००० फेऱ्या योग्य ठरतात. भोक पाडताना मात्र वेग निम्म्यावर आणावा.

मण्याची गोलाई ६ मि.मी. रुंदीच्या तिरक्या धारेच्या पटाशीने द्यावी आणि ती माथ्यावरून दोन्ही बाजूंच्या उताराकडेच उतरवत न्यावी. उतारावरून माथ्याकडे हत्यार चढवले तर धार तंतूंच्या टोकांखाली शिरते आणि तिथे कपची उडते. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवण्याचा आधार, लाकडापासून २-३ मि.मी.पेक्षा लांब नको.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील क्रम अगदी योग्य आहे. मात्र पन्नास-साठ मण्यांची माळ करायची असेल आणि सर्व मणी एका मापाचे हवे असतील, तर मला दुसरी पद्धत अधिक पटते. तिच्यात भोक किंचित तिरके गेले तरी बिघडत नाही, कारण मणी भोकावरच तोलून कातला जातो.

चकमध्ये कठीण लाकडाचा एक तुकडा धरून त्याचे तोंड सपाट करावे, मधोमध भोक पाडून त्यात २ मि.मी. जाडीची पोलादी सळई घट्ट बसवावी आणि ती तोंडाबाहेर केवळ ७-८ मि.मी. राहील अशी कापावी. तोंडावर बारीक पॉलिश पेपरची चकती चिकटवावी. आता आधीच भोक पाडून कापून ठेवलेला चौकोनी कच्चा तुकडा सळईवर ओवून, टेलस्टॉकच्या फिरत्या सेंटरचे (लाकडाबरोबर फिरणाऱ्या शंकूचे) टोक त्याच भोकाच्या दुसऱ्या बाजूस टेकवावे आणि हलका दाब द्यावा. सळई मण्याच्या लांबीहून आखूड ठेवण्याचे कारण हेच की सेंटरचे टोक सळईला न भिडता भोकात बसावे. पॉलिश पेपरच्या घर्षणाने तुकडा फिरतो आणि काप जड झाला तर तो जागीच घसरतो, फुटत नाही. दाब मात्र बेताचाच हवा, कारण सेंटरचा शंकू पाचरीसारखा काम करतो आणि लहान मणी रेषेतून उभा चिरू शकतो. हत्यार लागताच सळई थरथरू लागली, तर ती वाजवीपेक्षा लांब राहिली आहे असे समजावे.

आपल्याकडे भोक सरकलेले जे मणी पडून असतील, तेही या साधनावर चढवून थोड्या लहान मापात पुन्हा कातता येतील.

आता एकसारखेपणाविषयी. गोलाई नजरेने साधते हे खरे, पण ती साधेपर्यंत मापाचा आधार घ्यावा. १२ मि.मी.च्या मण्यासाठी आधी १२ मि.मी. व्यासाचा आणि तितक्याच लांबीचा दंडगोल करावा. मग दोन्ही कडांचा कोपरा असा उतरवावा की लांबीच्या दिशेने ३.५ मि.मी. आणि पृष्ठभागापासून आतल्या दिशेनेही ३.५ मि.मी. लाकूड जाईल. बाजूने पाहिल्यास दंडगोलाचा चौरस आता अष्टकोन झालेला दिसतो आणि मधली न कापलेली पट्टी सुमारे ५ मि.मी. उरते. दुसऱ्या मापासाठी व्यासाला ०.२९ ने गुणले की कोपऱ्याचे माप निघते. पेन्सिलीने मधली रेघ आखून ठेवावी आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नये. बाकीचे कोन तिच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने मोडले की गोल आपोआप उभा राहतो.

पारखण्यासाठी ८ मि.मी. आतील व्यासाच्या, तोंड अचूक सपाट केलेल्या धातूच्या नळीचा तुकडा जवळ ठेवावा. लेथ थांबवून नळीचे तोंड मण्यावर टेकवावे आणि मागे दिवा धरावा. मणी खरोखर गोल असेल तर नळीची कड सगळीकडे सारखी टेकते. जिथून उजेड झिरपतो तिथे खोलगट आहे आणि त्याच्या शेजारचा उंचवटा काढायचा आहे. पॉलिश पेपरची सुरुवात २४० नंबरच्या अलीकडे करू नये. भरड कागद इतक्या लहान मण्याचा आकार पाहता पाहता बिघडवतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांत पॉलिशचा विषय राहिला आहे आणि शिसवीच्या बाबतीत तो अवघड आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

जवसाचे किंवा टंग झाडाच्या बियांचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकते. शिसवीच्या कुळातील लाकडात मुळातच असे पदार्थ असतात जे ही प्रक्रिया रोखून धरतात, त्यामुळे तेलाचा हात दिलेला शिसवी मणी कित्येक दिवस चिकट राहतो आणि त्याचा डाग कपड्यांना लागतो. यावर उपाय दोन. मणी अॅसिटोनने पुसून लगेच मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्यावा आणि तो सुकल्यावर वर हवे ते पॉलिश चढवावे. किंवा काहीही न लावता १,००० नंबरच्या कागदापर्यंत घासून केवळ मेणाने चमकवावे. शिसवीत स्वतःचे तेल इतके असते की मला दुसरा मार्गच अधिक आवडतो. मेणाची चमक वापराने उतरते, पण ती पुन्हा आणणे सोपे असते. ऑलिव्हच्या मण्यांना सुकणाऱ्या तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरेत, मात्र प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा आणि तोवर मणी तारेत ओवून टांगावेत. भोकात साचलेले तेल दोरा फिरवून काढून टाकावे, नाहीतर ते आत अर्धवट घट्ट होऊन ओवण्याच्या दोऱ्याला चिकटते.

नुसत्या शेलॅकवर थांबू नये. ते मद्यार्कात विरघळते, त्यामुळे अत्तराचा फवारा किंवा हात निर्जंतुक करण्याचे द्रावण लागले की त्यावर डाग पडतात. साबणाचाही त्यावर परिणाम होतो.

तेल लावलेली फडकी चुरगळून टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ती कापडाच्या घड्यांत कोंडली तर फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते एकेरी पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. लेथ चालू असताना पॉलिश कापडाने लावूच नये, कारण कापडाचा धागा मण्याभोवती गुंडाळला गेला तर बोट ओढले जाते. कागदी रुमालाचा तुकडा वापरावा, तो फाटून सुटतो. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट बाजूला काढावा, हातमोजे घालू नयेत, गळ्यातली साखळी काढून ठेवावी आणि केस बांधावेत.

सर्वांत कळकळीची विनंती धुळीबाबत आहे. शिसवीच्या धुळीने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते, डोळे चुरचुरतात आणि हा त्रास एकदा जडला की पुढे थोड्याशा धुळीनेही उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या गटात केला आहे. मणी लहान असला तरी चेहरा त्याच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे धूळ रोखणारा मास्क आणि चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल, ही दोन्ही हवीतच.

मणी विकण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिसवीचे कुळ (पहिल्या परिशिष्टातील ब्राझिलियन रोजवुड वगळता) जानेवारी २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; माल देशाबाहेर पाठवण्यापूर्वी त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भोक आधी पाडून काही मणी केले आणि भोक आता दोन्ही बाजूंना मधोमध येते. नळीने पारखण्याची युक्ती फारच उपयोगी पडली. आता प्रश्न उरतो तो तोडण्याच्या क्षणाचा. पार्टिंग टूल भोकाजवळ पोचते तेव्हा मणी उडून जातो आणि चकच्या बाजूचे शेवटचे तंतू ओढले जाऊन भोकाची कड खरखरीत राहते. अशा कडेवर दोरा झिजेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

मणी उडू नये यासाठी टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये भोकापेक्षा किंचित बारीक, म्हणजे १.८ मि.मी. जाडीची सरळ तार धरावी आणि तोडण्यापूर्वी ती भोकात सरकवून ठेवावी. मणी सुटला की तारेवरच थांबतो. खरखरीत कडेसाठी पार्टिंग टूलने भोकापासून दीड-दोन मि.मी. अंतरापर्यंतच जावे आणि उरलेले लाकूड तिरक्या धारेच्या पटाशीच्या लांब टोकाने, मण्याची गोलाई पुरी करत करत कापावे. पार्टिंग टूल तंतू खरवडते, पटाशीचे टोक ते छेदते. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. पटाशीला नुकतीच धार लावलेली असावी, विशेषतः ऑलिव्हसाठी, कारण त्याच्या रेषा वेड्यावाकड्या असतात.

एवढे करूनही भोकाची कड धारदार राहतेच, मग ती कितीही स्वच्छ कापलेली असो. ४ मि.मी.चे ड्रिल बोटांत धरून दोन्ही बाजूंना दोन-तीन वेळा हलकेच फिरवावे, म्हणजे कड मोडून भोकाच्या तोंडाशी लहानसा उतार तयार होतो. इथे मशीन लावू नये, ते नको तितके लाकूड काढते. मग ४०० नंबरच्या कागदाची बारीक सुरळी करून भोकातून फिरवावी. शेवटी ज्या दोऱ्यात माळ ओवायची तोच दोरा मण्यातून घालून दोन्ही बाजूंना तिरका ताणून काही वेळा मागेपुढे ओढावा. दोरा पिंजला तर कड पुन्हा मोडावी. नाही पिंजला तर मणी ओवायला घ्यावा.