जुनी गाडी: अजून एकदा गॅरेज, की आता रामराम?

आमची २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, रीडिंग १ लाख १८ हजार किलोमीटर. परवा कात्रजच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी काही ओढेना. मेकॅनिक म्हणाला क्लचप्लेट गेली, पूर्ण सेटच टाका. मग त्याने गाडी वर घेतली आणि यादी वाढली: पुढचे शॉकअप, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, एसीची कूलिंग कॉइल लीक. एकूण ३८ हजार. जुन्या गाड्यांचा डीलर हीच गाडी ७० हजारांना मागतोय. आरसीची (गाडीच्या नोंदणीची) १५ वर्षंही संपत आलीत. बायको म्हणते विका, आई म्हणते चालतेय ना. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा. 'मनाचं ऐका' नको, मन दोन्ही बाजूंनी बोलतंय.

रत्नागिरी
क्लचचं सोडा, आधी मॅट उचला. माझ्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, त्याच भरवशावर दोन वर्षं खर्च करत राहिलो. एकदा पंक्चर झालं म्हणून जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी जागेवरच. जॅक लावायच्या जागेचा पत्राच आत दबला! मॅट काढलं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर पापड झालेला. वेल्डरने पेचकस टेकवला, तो आरपार. १४ हजार देऊन पत्रा मारून घेतला, दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या कडेने गंज परत हजर. इंजिन उतरवून बांधता येतं, क्लच नवा टाकता येतो. आमच्या खाऱ्या हवेत पत्रा सडायला लागला की थांबत नाही. विकली ती भंगाराच्याच भावात.

नागपूर
नव्या गाडीला ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं: महिन्याचा हप्ता साडेचौदा हजार. म्हणजे तुमचं बिल अडीच हप्त्यांच्या थोडं वर. गाडीने अजून सहा महिने काढले तरी तुम्ही फायद्यात. फक्त आमच्याकडे मे महिन्यात एसीशिवाय बसून दाखवा.

नोएडा, आता नाशिक
आमच्या बाबतीत निर्णय कॅलेंडरने घेतला. २०११ ची डिझेल, तेव्हा दिल्लीच्या पट्ट्यात डिझेलला १० वर्षांची मुदत होती. २०२१ मध्ये गाडी जेमतेम ७० हजार किलोमीटर पळालेली, एक स्क्रॅच नाही, पण तिथे कवडीमोल. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) काढली, दोन दिवस चालवत नाशिकला आणली, इथे पुन्हा रोड टॅक्स भरला. एमएच १५ चा नंबर मिळेपर्यंत चपला झिजल्या. आज घरचे सगळे तीच वापरतात.

कल्याण
माझी चूक लिहितो. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा) ६० हजार किलोमीटरला बदला असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट होतं, मी ८५ हजारपर्यंत ओढला. कसारा घाटात काहीही सूचना न देता तुटला. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले, हेड उतरवावं लागलं, टोइंग धरून २६ हजार. दुरुस्ती चांगली झाली होती, तक्रार नाही. पण त्यानंतर प्रत्येक घाटात मी गाणी बंद करून इंजिनचा आवाज ऐकत बसायचो. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण सहलीला चाललोय की हॉस्पिटलला?" सहा महिन्यांत विकली. विकायचीच होती तर २६ हजार घालण्याआधी का नाही, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

सांगली
मारुती ८००, २००४ ची. दोनदा आरसी रिन्यू केली: २०१९ ला फी ६०० होती, २०२४ ला ५,०००. वर पर्यावरण कर. हिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी पार्ट सांगितला की गॅरेजचा पोरगा तासाभरात आणून देतो. पार्ट मिळतोय तोवर गाडी म्हातारी नाही हो.

डोंबिवली
विकायचं ठरलंच तर एक ऐका. बाबांची गाडी आम्ही विकली, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या. एजंट म्हणाला, "ताई, ट्रान्सफर होऊन जाईल." आठ महिन्यांनी भिवंडीच्या सिग्नलचं ई-चलान बाबांच्या मोबाइलवर! मी डोक्याला हात लावला आणि बाबा फोटो मोठा करून बघतायत. "पुढचा बंपर अजून तोच आहे गं." नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत शेवटचे पाच-दहा हजार हातात ठेवून घ्या.

पुन्हा मी
रत्नागिरीकरांचं वाचून काल रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून चारही मॅट उचलली. मागच्या सीटखाली शेंगदाण्याची टरफलं आणि मुलाचा हरवलेला कंपास. पत्रा कोरडा, रंग शाबूत. जॅकही लावून पाहिला, गाडी उचलली गेली. सकाळी मेकॅनिकला क्लच, शॉकअप आणि बुश करायला सांगितलं, कॉइल राहू दे म्हटलं. बिल २७ हजारांवर आलं. एसीचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. सध्या पाऊस आहे, फेब्रुवारीपर्यंत निभेल.